खोलीतली पहिली भाकरी

रविवारी सकाळी माझ्याकडं माणसं येतात. कुणाला निवृत्तीचे पैसे मिळालेले असतात, कुणाच्या मुलीला बंगळूरला नोकरी लागलेली असते, कुणाची जमीन रस्त्यात गेलेली असते. प्रश्न सगळ्यांचा एकच: मारुतीअण्णा, भाड्यानं द्यायला घर घ्यायचं म्हणतोय, सुरुवात कशी करायची? मी चष्मा पुसतो आणि सांगायला लागतो. भिंती बघू नका, पाय बघा. कागद तिघांकडून वाचून घ्या, विकणाऱ्याकडून सगळ्यात शेवटी. वर्षाचं भाडं दहा महिन्यांचं धरा. आणि ज्या खोलीत आपण स्वतः एक भाकरी भाजली नाही, ती दुसऱ्याला देऊ नका.

शेवटचं वाक्य तर आमच्या भागात माझ्याच नावानं चालतं. दोन वर्षांपूर्वी मंडळानं माझा सत्कार केला, तेव्हा ओळख करून देणाऱ्या बाईंनी 'भाकरीवाले मारुतीअण्णा' असं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि खाली बसलो.

यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळी रत्नाक्काची आहेत. आणि भाकरीच्या बाबतीत तर मी तिचा अपराधी आहे. आक्का गेली त्याला आता वर्ष होईल. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी उशिरा का होईना सांगितलं आहे. पण टाळ्या वाजवलेली माणसं अजून बाकी आहेत, म्हणून हे लिहितो.

मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत आलो तेव्हा पंचविशीचा होतो. एका कारखान्यात टाइमकीपरची नोकरी लागली होती. जेवायची सोय म्हणून कुणीतरी बसस्टॉपमागच्या गल्लीत रत्नाक्काच्या खानावळीत नेऊन बसवलं. आक्का मूळची निपाणीजवळच्या बोरगावची. नवरा फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, साचे करणारा मोल्डर होता, तो लवकर गेला. मनगटावर त्याचं मोठं पुरुषी घड्याळ असायचं आणि त्याच्या काचेवर कायम पीठ. वेळ बघायची झाली की अंगठ्यानं काच पुसायची.

ती भाकरी थापत थापत बोलायची. परातीवर तिच्या हाताचा ठेका चालू असेपर्यंत ती काहीही बोलली तरी कुणी मान वर करायचं नाही. ठेका थांबला की मात्र सगळी पंगत वर बघायची, कारण आता ती जे बोलणार ते खरं बोलणं. मला तिनं पहिल्याच आठवड्यात ठेका थांबवून विचारलं होतं, "झोपतुयास कुठं रं?" मी सांगितलं, चौघं मिळून एका शेडमध्ये. तिनं पुन्हा थापायला सुरुवात केली. महिन्याभरात मी तिच्या मागच्या खोलीचा भाडेकरू झालो होतो.

तिचा खोल्यांचा धंदा असाच सुरू झाला होता. लोक आधी घर बांधतात आणि मग भाडेकरू शोधत फिरतात. आक्काचे भाडेकरू आधीपासून तिच्या पंगतीला बसलेले होते. कोण ताटात टाकतो, कोण उठताना आपलं ताट मोरीत नेऊन ठेवतो, कोण पगाराच्या दुसऱ्या दिवशी गायब होतो, हे सगळं तिला माहीत. त्यातल्या दोघांसाठी तिनं खानावळीमागं पहिली खोली बांधली. "आदी मानूस, मग भित," ती म्हणायची. मग दुसरी, तिसरी, चौथी. खानापूरकडची माणसं तिच्याकडं जास्त. एकानं जाऊन गावात सांगायचं की दुसरा ट्रंक घेऊन हजर. पाटी नाही, दलाल नाही. आक्काची खोली एवढं म्हटलं की गावाकडचे आईबाप पोरीला सुद्धा निर्धास्त पाठवायचे.

प्रत्येक नव्या खोलीत तिची एक रीत असायची. बाजारातून ती बिडाचा कोरा तवा आणायची. आमच्याकडं फौंड्र्या पुष्कळ, बिडाचा तवा ही इथली घरची वस्तू. तो तवा घेऊन ती सकाळी त्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची, पीठ मळायची आणि एक भाकरी भाजायची. खिडकीजवळ बसून ती खायची, हात धुवायची, मोरीत पाणी ओतून ते कुठं जातंय ते बघायची. मग तवा तिथंच ठेवून यायची. तो भाडेकरूचा. मला हसू यायचं. एकदा मी म्हटलं, आक्का, हा काय नैवेद्य आहे काय? तिनं ठेका थांबवला.

"नैवेद कसला रं? तासभर बसल्याबिगर खोली बोलत न्हाय. धूर कुटं जातुय, शेजारी कोन भांडतंय, पानी उलटं येतंय काय, समदं त्या एका भाकरीत कळतंय. आनि सकाळीच करायची. सकाळी घर खोटं बोलत न्हाय."

लग्न झालं, संसार वाढला आणि माझ्याही डोक्यात आलं की आपणही काही घ्यावं. शहरातल्या चांगल्या वस्तीत एक टुमदार घर विकायला होतं. पुढं बाग, संगमरवरी पायरी. मी भारावून आक्काला दाखवायला नेलं. तिनं घर नीट बघितलंही नाही. रस्त्यावर उभी राहिली आणि म्हणाली, इथनं चालत कोण जातंय? कुणीच जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला उद्यमबागेच्या बसस्टॉपवर, पाळी सुटायच्या वेळेला कट्ट्यावर बसवलं. शेकडो माणसं भोंग्यासरशी बाहेर पडली. काही बसला गेली, काही मोटारसायकलवर, आणि उरलेली चालत चालत एका विशिष्ट गल्लीत वळली. "तिकडं बघ," ती म्हणाली. "पाय वळत्यात तिकडं घर घ्यायचं. फुलं बघायला आपन मालक न्हवं, आपन भाडं खानारी मान्सं." त्या टुमदार घरावर पुढं कित्येक महिने 'टू लेट'ची पाटी लटकत होती. मी जाता येता बघायचो.

पाण्याबद्दल तिचं असंच होतं. पाणी किती दिवसांनी येतं हे मालकाला विचारायचं नाही, शेजारी धुणं वाळत घालणाऱ्या बाईला विचारायचं. मालकाच्या घरी पाणी रोज येतं आणि शेजारणीकडं आठवड्यानं, असं ती म्हणायची.

कागदांचा किस्सा तर अजून डोळ्यांपुढं आहे. सफारी घातलेला एक एजंट माझ्यासाठी स्वस्तातला प्लॉट घेऊन आला होता. कागद सगळे कन्नडमध्ये. आक्का कन्नड फाडफाड बोलायची, पण वाचता यायचं नाही. तिनं कागदांच्या नकला मागून घेतल्या. एक दिवस कन्नड शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतल्या, दुसऱ्या दिवशी एका वकिलाकडून. तिसऱ्या दिवशी एजंटाला जेवायला बोलावलं, पोटभर वाढलं आणि म्हणाली, "ओद्री सायबा, आता तुमी वाचा." एजंटानं तोंडात सुपारी टाकून वाचायला घेतलं. जमीन शेतीची असली तरी एन.ए. झालेली आहे, म्हणजे घर बांधायला सरकारची परवानगी आहे, असं त्यानं तिसऱ्या ओळीत वाचलं. परातीवरचा ठेका थांबला.

"बाईंनी वाचलं तवा ह्यात एन.ए. नव्हतं," आक्का म्हणाली. "वकिलानं वाचलं तवा बी नव्हतं. तुमच्या तोंडात सुपारीसंगट आलं व्हय?"

पंगत एवढी हसली की एजंट ताक न पिता उठला. ती शेतजमीन नोंदणी न करता नुसत्या शंभर रुपयांच्या बाँडपेपरवर विकायला काढलेली होती. तशा जागेत पैसे घातलेली माणसं आजही कचेऱ्यांचे जिने चढताहेत. मी त्यांच्यात नाही, याचं कारण आक्का.

शेवटी तिच्याच गल्लीच्या पुढच्या वळणावर मला अर्धवट बांधलेलं घर मिळालं. सोसायटीचं कर्ज काढलं, बायकोच्या पाटल्या गेल्या. तीन खोल्या पुढं आणि एक मागं. हप्त्याचं गणित मी बारा महिन्यांच्या भाड्यावर मांडलं होतं. आक्कानं त्यातले दोन महिने खोडायला लावले, एक खोली रिकामी राहील म्हणून आणि एक रंगसफेदीला म्हणून. मग आकडा जमेना, म्हणून मी वर्षभर सायकलवरच फिरलो आणि मोटारसायकल घेतली नाही. पुढच्या तीन खोल्या आक्कानं स्वतः भाकरी भाजून बघितल्या आणि पंधरा दिवसांत भरून दिल्या. घर माझं होतं, पण सगळे म्हणायचे आक्काच्या खोल्या. मला ते बरंच वाटायचं. नाव तिचं, भाडं माझं.

मागची खोली तयार झाली तेव्हा आक्काला बहिणीच्या दुखण्यासाठी बोरगावला जावं लागलं. निघताना तिनं कोरा तवा माझ्या हातात दिला. "सकाळच्याला एक भाकरी कर, मग दे," म्हणाली. बायको भातलावणीसाठी गावाकडं गेली होती. माझी आठवडाभर पहिली पाळी होती, सातला हजेरी घ्यायची. शिवाय आतली गोष्ट सांगतो, पुरुषासारखा पुरुष, दार लावून एकटाच भाकरी थापत बसलोय हे गल्लीत कळलं तर काय म्हणतील, असं मला वाटत होतं. संध्याकाळी जाऊन मी खोली बघितली. गार वारा, सगळं शांत. तवा कोपऱ्यात ठेवला आणि कुलूप लावून आलो.

त्याच आठवड्यात आक्कानं बोरगावहून शेजारच्या दुकानात फोन केला. खानापूरकडचे परशुराम मास्तर बदलून बेळगावला आले होते. म्हातारी आई बरोबर. आईला थोडा दम्याचा त्रास, म्हणून खोली चांगली पाहिजे. आक्कानं विचारलं, "भाकरी केलतास न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय आक्का. झ्याक खोली हाय."

"मग मी मास्तरास्नी सांगते, जा म्हणून."

मागच्या भिंतीपलीकडं एक पत्र्याची शेड होती. तिथं पितळ ओतायची लहानशी भट्टी होती आणि ती फक्त सकाळी पेटायची, साडेसातपासून दहापर्यंत. खोलीची खिडकी बरोबर तिच्या तोंडावर. मी तिथं कधी सकाळी उभाच राहिलो नव्हतो. मास्तर सातला शाळेला जायचे. म्हातारी एकटी असायची. नवी जागा, लेकाची नवी शाळा, तक्रार कशाला करायची म्हणून खिडकी लावून ती गप बसायची, पण धूर फटीतून यायचाच. तिसऱ्या आठवड्यात तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

आक्का त्याच दिवशी बोरगावहून परतली होती. दुपारी पंगत बसली होती, मीही होतो. परशुराम मास्तर दारात आले. शिव्या दिल्या नाहीत, आवाज चढवला नाही.

"आक्का," ते म्हणाले, "आईला ऑक्सिजन लावलाय. मी खोली बघायलासुद्धा आलो नव्हतो. तुमच्या शब्दावर आलो."

ठेका थांबला. सगळ्यांनी माना वर केल्या. मी एकट्यानंच खाली घातली. ताटात आमटी होती आणि तिच्यावर तेलाचा एक गोल तरंगत होता. मी त्या गोलाकडं बघत राहिलो. आक्का एकदा माझ्याकडं बघते आहे हे मला न बघता कळलं. आता ती माझं नाव घेणार, असं वाटलं. घेतलं असतं तर त्या क्षणी मी सुटलो असतो.

"चुकलं मास्तर," आक्का म्हणाली. "माझं चुकलं."

म्हातारी वाचली. आक्का दवाखान्यात रोज डबा नेत होती. पण मास्तरांनी सामान उचललं ते परत आले नाहीत, आणि ही बातमी खानापूरच्या गावागावांत पोचली. आक्कानं म्हातारीला धुरात कोंडलं, असं लोक म्हणायला लागले. पुढं दोन वर्षं तिकडचा एकही माणूस ट्रंक घेऊन आला नाही. आक्काच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्या. तिनं मला एवढंच सांगितलं, मागची खोली पाडून तिथं गाड्या लावायला जागा कर. मी केली. आजही तिथं भाडेकरूंच्या मोटारसायकली उभ्या असतात.

मी काय केलं? मी भाकरी भाजायला शिकलो. त्यानंतर घेतलेल्या प्रत्येक घरात, प्रत्येक खोलीत, सकाळी जाऊन दार लावून भाकरी भाजली. गल्ली हसली नाही, उलट कौतुक करू लागली. सात खोल्या झाल्या, दोन फ्लॅट झाले. आक्का थकल्यावर खानावळ बंद करून नातीकडं निपाणीला गेली आणि मी हळूहळू भाकरीवाला मारुतीअण्णा झालो. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी ती शाल घडी घालून ठेवताना मला राहवेना. निपाणीची बस पकडली. आक्का ओट्यावर खुर्चीत बसली होती. अंग वाळून गेलं होतं, घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत सरकायचं. "आलास व्हय," म्हणाली. "चा घेतूस काय?" मी चहा होईपर्यंतही थांबलो नाही. सगळं सांगून टाकलं. पाळी, तवा, संध्याकाळचा वारा, फोनवरचं व्हय.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हाईत हुतं की."

"कसं?" मी विचारलं.

"दवाखान्यात म्हातारी म्हनाली, आक्का, तवा कोरा दिलासा, पहिल्या तीन भाकऱ्या चिकटल्या. भाकरी केलेला तवा कोरा ऱ्हाईल व्हय? मी काय समजायचं ते समजले."

"मग त्याच वेळी का नाही बोललीस?"

"तू नवा हुतास. माझं नाव मोटं हुतं, त्यातनं थोडं गेलं तर उरत हुतं. तुझं नाव अजून पायाच्या वर बी आलं नव्हतं. तवाच पडलं असतं तर परत कुटलं बांधतुयास?" तिनं घड्याळाची काच अंगठ्यानं पुसली. आता त्यावर पीठ नव्हतं, तरी पुसली. "पन तू आपनहून सांगशील म्हनून वाट बघितली. लई बघितली, मारुती."

मी रडलो. तिनं रडू दिलं, पण जवळ घेतलं नाही.

"मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "मला तर ठावंच हुतं. मास्तरास्नी जाऊन सांग."

पुढच्या आठवड्यात मी खानापूरला गेलो. परशुराम मास्तर निवृत्त झाले आहेत, घरापुढं भाताची पोती रचलेली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी उभ्यानंच सांगितलं.  संपल्यावर मास्तर म्हणाले, "आईनं शेवटपर्यंत तोच तवा वापरला. म्हणायची, बाई वाईट नाही रे, काहीतरी घोटाळा आहे. मी ऐकलं नाही. त्या रस्त्यानं जायचं झालं तरी मी दुसऱ्या गल्लीनं गेलो." मग म्हणाले, "तुम्हाला मी काही म्हणत नाही. काय म्हणायचं ते सुचतही नाही. पण आक्कांचा नंबर द्या."

मी नंबर लिहून दिला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही मागितलं नाही. नंतर नातीकडून कळलं, मास्तर मुलाला घेऊन निपाणीला गेले होते. अर्धं पोतं तांदूळ घेऊन. दारातच आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. आणि आपल्या गावच्या देवळात, दहा माणसांत बसून, त्यांनी आमच्या दोघांची नावं घेऊन सगळी हकिकत सांगितली. त्या बाजूला आता माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. ते बरोबर बोलतात.

त्यानंतर एकदाच आक्काची भेट झाली. नातीनं कर्ज काढून निपाणीत एक लहान फ्लॅट घेतला होता, भाड्यानं द्यायला. तिची ती पहिलीच जागा. आक्काचा निरोप आला: सकाळी आठच्या आत ये. मी बेळगावहून पहिल्या बसनं गेलो. लिफ्ट नव्हती. खुर्चीसकट दोघांनी आक्काला वर चढवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात बसवलं. ओट्यावर पिठाचा डबा होता, परात होती आणि बिडाचा कोरा, पांढुरका तवा.

"माज्यानं हुबं ऱ्हावत न्हाय," ती म्हणाली. "तू कर."

मी हात धुतले. आयुष्यात कितीतरी भाकऱ्या मी भाजल्या होत्या, पण आक्काच्या समोर एकही नाही. तवा तेलानं पुसून तापवला, पुन्हा पुसला. पीठ मळलं. माझा ठेका तिच्यासारखा नाही, अडखळतो, तरी ती डोळे मिटून ऐकत असावी. भाकरी गोल झाली नाही. एका कडेला करपली. पण फुगली, आणि तव्याला चिकटली नाही.

मी ती तिच्या हातात दिली. तिनं करपलेला कोपरा मोडला, तोंडात टाकला आणि चघळत राहिली. भाकरीकडं तिचं लक्ष नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं. तव्यावरून उठलेली वाफ ओट्यावर थोडी घुटमळली, वळली आणि उघड्या खिडकीतून सरळ बाहेर गेली. आक्का तिच्यामागं बघत होती. शेवटचा धागा दिसेनासा झाला तेव्हा तिनं मान फिरवली.

"दे आता भाड्यानं," ती नातीला म्हणाली.